दहा रुपयांची चिठ्ठी

मंडळी, आज फार थकले आहे, पण तुम्हाला विचारायचंच आहे.

आनेकलला आमच्या संस्थेचं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. काम धर्मादाय, म्हणून जागेला मालमत्ता कर माफ आहे. आज अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी एका स्वेटरवरची दहा रुपयांची चिठ्ठी उलटून पाहिली.

"विक्री आहे म्हणजे हे दुकान झालं. दुकानाला माफी नाही, अम्मा."

"सर, फुकट होतं तेव्हा बायका दारातूनच परत जायच्या. किंमत लिहिली, तशा घासाघीस करून नेऊ लागल्या."

"मला कळतं हो. पण फॉर्ममध्ये घासाघिशीचा रकाना नाही."

माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाले, "चिठ्ठ्या काढा, फुकट वाटा. सोमवारी येऊन बघतो, माफी राहील."

कर बसला तर दुकान बंदच करावं लागेल. म्हणून दुपारभर चिठ्ठ्या काढत बसले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि या चिठ्ठ्यांची कल्पनाही माझीच होती.

संध्याकाळी लक्ष्मक्का आल्या. बोम्मसंद्र्याला कारखान्यात कामाला असतात. लेकीसाठी त्यांनी नेमका तोच स्वेटर उचलला.

"केवढ्याला गं? आठला दे."

"आजपासून फुकट आहे, अक्का."

त्यांनी स्वेटरची नीट घडी घातली आणि परत ठेवला. "मग राहू दे. गरज असेल त्याला दे."

सोमवारी दुकान वाचेल. पण मग आत कोण येईल, सांगाल?