वळणावरचा ऊस
गुऱ्हाळावर उकळणाऱ्या रसाचा वास आला की मला नववीतला माझा पराक्रम आठवतो. आमच्या टोळक्यात शिरायची अट एकच, चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा. "भित्र्या, आईला विचारून ये जा!" म्हणून पोरांनी खिजवलं, तसा मी वळणावर ट्रॉलीला लटकलो. ऊस निघेना, मी सोडेना, आणि मागून मोपेडवर वडील! पोरं पसार झाली. वडिलांनी माझ्यावर हात उगारला, तेवढ्यात ट्रॉली थांबवून म्हातारा ट्रॅक्टरवाला ओरडला, "सोड की त्याला! तू बी हितंच लटकत हुतास न्हवं माझ्या ट्रॉलीला?" वडिलांचा हात खाली आला. त्यांनी तोच ऊस उपसला, गुडघ्यावर मोडला, गोड बुडखा स्वतः ठेवला आणि सपक शेंडा मला दिला. आता माझ्या पोरालाही मी शेंडाच देतो.