एसटीनं कन्नडला गेलेला वेल

समजा, तुम्ही सकाळी सकाळी गच्चीवर गेलात. हातात रंगाचा मऊ ब्रश. नर फुलातला पराग ब्रशवर घ्यायचा आणि मागं इवलंसं फळ असलेल्या मादी फुलाला हळूच लावायचा. ऊन तापायच्या आत. शिंक आली तर तोंड फिरवायचं.

बजाजनगरच्या कडुबानं हे सलग बावीस दिवस केलं, तेव्हा कुठं एक खरबूज धरलं. कंपनीत तो पार्ट तपासायच्या कामावर. त्यामुळं खरबुजालाही रोज व्हर्नियर लागायचा आणि माप मिलिमीटरमध्ये कॅलेंडरवर चढायचं.

"पोरांची उंची मोजलीत का हो कधी?" बायको, मोनिका, विचारायची.

पण कडुबाला पास व्हायचं होतं ते कन्नडच्या थोरल्या बहिणीकडून. आशाबाईची उभी हयात खरबुजाच्या वाफ्यात गेलेली. मागच्या उन्हाळ्यात त्यानं नेलेलं फळ उलटं करून तिनं देठ पाहिला होता.

"तोडलेलं हाय. पिकलं की खरबूज आपणहून वेल सोडतं. गाड्यावरून उचललंस, व्हय ना?"

म्हणून यंदा फळाला वास सुटला, देठाभोवती बारीक चीर दिसली, तशी कडुबानं रजा टाकली. फळ अक्काच्या डोळ्यांदेखत सुटायला हवं! रंगाच्या बादलीतला अख्खा वेल, त्याला आधार दिलेले बांबू आणि मोनिकाच्या ओढणीच्या झोळीत टांगलेलं फळ, असा सगळा संसार घेऊन तो एसटीत चढला.

"ह्याला फुल का हाफ?" कंडक्टरनं विचारलं.

"तीन महिन्यांचं बी नाय झालं."

"मग मांडीवर घ्या."

घेतलं. खुलताबादपर्यंत सगळी बस वासानं वेडी झाली. हतनूरच्या पुढं गतिरोधकावर गाडी उडाली आणि खरबूज देठ सोडून टपकन झोळीत बसलं.

"सुटलं!" कडुबा ओरडला. "पाह्यलंत ना, बाबा?"

"पाह्यलं की," शेजारचे साहेबराव नावाचे म्हातारे म्हणाले. झालं! कन्नडला उतरल्यावर कडुबानं त्यांना साक्षीला थेट अक्काच्या अंगणात नेऊन बसवलं.

अक्कानं देठाजागचा खळगा निरखला. साक्ष ऐकली. फळ कापलं, एक फोड खाल्ली. मग दुसरी.

"गोड हाय." कडुबाचा चेहरा उजळला. "पर उद्या सुटलं असतं तर आणखी गोड झालं असतं. हे गाडीनं पाडलं."

"चीर घरूनच पडलेली व्हती, अक्का!"

"चीर व्हती. सोडलं कुठं व्हतं?"

"धक्का लई मोठा व्हता, बाई," तिसरी फोड उचलत साक्षीदारानं पार्टी बदलली.

तेव्हापासून कडुबा कंपनीच्या कँटीनमध्ये भेटेल त्याला विचारतो. व्हर्नियरनं मापलेली चीर सांगतो, गाडीचा वेग सांगतो, आणि मग विचारतो: गतिरोधक नसता, तर ते खरबूज कन्नडच्या अलीकडं सुटलं असतं का पलीकडं?