जर्मनीच्या मैदानावरचा खो

भिलाईतल्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. शिक्षकांच्या देवाणघेवाणीत जर्मनीतल्या एका शाळेसाठी माझी निवड झाली, तेव्हा रिसालीच्या आमच्या घरात आनंदापेक्षा काळजीच जास्त. माझे वडील स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. तेच काय ते निवांत होते. म्हणाले, "जाय बिनधास्त. भंडाऱ्याहून आलो तवा मले तरी कुठं हिंदी येत होती?"

तिथला जिमचा हॉल पाहून मात्र माझी छाती दडपली. लाकडी फरशी, दोर, जाड गाद्या, सगळं जिथल्या तिथे. मला जो तो विचारायचा, योगा शिकवता का? नाही म्हटलं की बोलणं संपायचं. एका दुपारी अशीच हिरमुसून बाकावर बसले होते. समोर मुलं शिवाशिवी खेळत होती. आपल्या पोरांसारखीच, तशीच ओरडत, तशीच रडीचा डाव खेळत.

मी उठले आणि थेट मुख्याध्यापिकेकडे गेले. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "उद्या मला एक तास द्या. मैदानावर. सामान काही नको."

दुसऱ्या दिवशी गवतावर चुन्याच्या रेषा मारल्या. खांब नव्हते, म्हणून दोन उंच शिक्षकांनाच दोन टोकांना उभं केलं. मुलांना ओळीत बसवलं, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. सुरुवातीला नुसता गोंधळ. पाठलाग करणारा मध्येच उलटा फिरायचा, रांगेतून घुसायचा. ज्याला खो मिळाला तो बसूनच राहायचा. मी शिट्टी मारायची, हसायची, पुन्हा बसवायची. मग एका लाजऱ्या मुलीने पुढच्याच्या पाठीवर थाप मारली, "खो!" असं ओरडली, आणि त्या पोराने उसळून पळणाऱ्याला गाठलं. मैदान दणाणलं.

"आता तुम्ही पळा," मुलं मागे लागली. पकडायला मुख्याध्यापिकाबाईही स्कर्ट सावरत रांगेत बसल्या.

मी बूट काढून ठेवले. चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. पण बसलेल्यांमधून नागमोडी पळत साखळी सुरू केली आणि पाय आपोआप चालू लागले. हुलकावणी दिली, खांब झालेल्या मास्तरांना वळसा घातला, बाईंचा हात पाठीजवळून हुकला. घंटा होईपर्यंत मी कोणाच्या हाती लागले नाही. वर्गात मात्र कोणीच गेलं नाही. सगळे टाळ्या वाजवत उभे होते आणि मी गवतावर बसून धापा टाकत हसत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचले तर मुलं आपली आपणच रांगेत बसलेली. एक मास्तर हातात कॉफीचा कप घेऊन खांब झालेले. मी व्हिडिओ काढून भिलाईच्या माझ्या शाळेतल्या पोरींना पाठवला. लगेच उत्तर आलं, "मॅडम, उनको बोलो भिलाई आएं, फिर देखते हैं!"

मी ते मुख्याध्यापिकाबाईंना समजावून सांगितलं. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही येतो. पण आधी सराव करू द्या."