मधुपर्काची दुरुस्ती

नाशकात लागलेली निम्मी लग्नं अपुरी लागली आहेत असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि ती लग्नं लावणाराही तोच होता. आमच्या घरचे गुरुजी. माझी मुंज त्यांनी लावली, लग्न त्यांनी लावलं आणि वास्तुशांतीला आल्यावर "ईशान्येला न्हाणीघर काढायचं कुणाच्या डोक्यातून आलं?" असं विचारून गवंड्याला रडवलंही त्यांनीच. विधीतलं एक अक्षर गाळलेलं त्यांना खपत नसे. दर्भ आखूड निघाला तर होम थांबवून ते पंचवटीतल्या घरी दुसरा आणायला जात आणि यजमान तोवर पाटावर अवघडून बसे. यजमानाला मुंग्या आल्या तर तो यजमानाचा प्रश्न.

अशा माणसावर बासष्टाव्या वर्षी आभाळ कोसळलं ते पिंपळगाव बसवंतला, एका द्राक्षबागायतदाराच्या सत्यनारायणात. पंचामृत वाटून झालं आणि घरातल्या आजोबांनी तळहात चाटून विचारलं, "गुरुजी, ह्याच्यात मध कुठंय? हा तर साखरंचा पाक हाय." गुरुजींनी तोऱ्यात पिशवीतून बाटली काढून दाखवली. नेहमीच्या दुकानातली, लेबलावर माशीचं चित्र असलेली. आजोबा म्हणाले, "चित्र हाय माशीचं. पण ह्या मधाला माशी कधी शिवलीबी नाय." मग त्यांनी बांधावरच्या बाभळीचा मध वाटीत आणून गुरुजींपुढे ठेवला. गुरुजींनी बोट बुडवून चाखला आणि दक्षिणा न घेताच एस. टी.त जाऊन बसले.

चाळीस वर्षं त्याच दुकानातली बाटली! लग्नात नवरदेव मांडवात आला की वधूपिता त्याला दही आणि मध देऊन त्याचा मान करतो, त्याला मधुपर्क म्हणतात. म्हणजे चाळीस वर्षांतल्या एकूण एक नवरदेवाला गुरुजींनी साखरेचा पाक चाटवला होता. आम्ही पोट धरून हसलो. गुरुजी हसले नाहीत, कारण त्यातलं एक लग्न शैलाचं होतं. शैला त्यांची एकुलती एक मुलगी. स्थळ त्यांनीच पाहिलेलं, मुहूर्त त्यांनीच काढलेला, आणि तो मधुपर्क तर वधूपिता म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने दिलेला. ती सासरी असतानाच तिची आई गेली, आणि तीन वर्षांत ती एक ट्रंक घेऊन परत आली ती कायमचीच. शाळेत शिकवू लागली. का परत आली ते तिने सांगितलं नाही आणि त्या घरात कुणी विचारलं नाही. आता एवढ्या वर्षांनी गुरुजींना कारण सापडलं होतं. "मधुपर्कच खोटा," ते मला म्हणाले, "मग संसार कसा उभा राहणार?" मी मान हलवली.

विकतच्या कशावरच विश्वास उरला नव्हता, तेव्हा मध घरीच करायचा ठरला. एका सरकारी शिबिरात पोरसवदा शेतकऱ्यांमध्ये बसून गुरुजी पाच दिवस मधमाश्या शिकले आणि एक मधपेटी घेऊन आले. परसात शेवग्याखाली ती ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या मांडल्या. शिबिरातल्या साहेबांनी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाळीची टोपी घालायला सांगितलं होतं. पण मध देवाचा, म्हणजे पेटी उघडायची ती सोवळ्यात, कमरेला रेशमी मुकटा आणि बाकी अंग उघडं. माश्यांना सोवळं कळत नव्हतं. पुढच्या लग्नाला गुरुजी वरचा ओठ टम्म सुजवून उभे राहिले आणि त्यांच्या 'सावधान'मध्ये त्या दिवशी जो कळवळा होता, तो मी पुन्हा कुठल्याच मंगलाष्टकात ऐकला नाही. शेवटी शैलानेच जुन्या मुकट्याची बाह्यांची बंडी शिवून दिली. धुराचं मात्र त्यांना काही वाटत नसे. माश्या शांत करायला धूर सोडला की साहेबांचे डोळे गळायला लागत, आणि जन्मभर होमापुढे बसलेले गुरुजी त्याच धुरात उघड्या डोळ्यांनी पोळी मोजत असत.

आषाढ लागला. फुलं नाहीत, तेव्हा माश्यांना साखरपाणी द्या, असा साहेबांचा निरोप आला. गुरुजी भडकले. "साखरच खायची होती तर दुकान काय वाईट होतं?" त्यांनी चमचाभर साखर पेटीजवळ जाऊ दिली नाही. श्रावणात एका सकाळी पेटी उघडली तर आत चार मेलेल्या माश्या आणि कोरडी पोळी. बाकी सगळ्या उठून गेल्या होत्या. मी भेटायला गेलो तर गुरुजी पेटीसमोर पाट टाकून बसले होते. "मी त्यांना उपाशी ठेवलं हो," ते म्हणाले, "शुद्धतेपायी." गुरुजींना आपलं चुकलं असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसरी पेटी आली. त्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः साखर विरघळवून, गाळून, कोमट करून माश्यांना दिली. साहेबांनी समजावलं होतं की पावसातलं खाणं माश्यांचं, फुलोरा सरल्यावर काढायचा तो मध आपला. फाल्गुनात मध निघाला, जेमतेम दोन किलो. मग औषधाच्या बाटल्यांत तो भरून गुरुजी लग्नांच्या दुरुस्तीला निघाले.

आमच्याकडे आले तेव्हा आम्ही दोघं टीव्ही बघत होतो. "उठा, पाटावर बसा, वाटीभर दही आणा," ते म्हणाले. सगळं ऐकून घेतल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे गुरुजी, आमचं लग्न लागलंच नव्हतं?"

"अपुरं लागलं होतं, सूनबाई. आता पुरं करू."

"थांबा जरा. ह्या वेळी मला विचार करू द्या."

तिने खरंच चहा होईपर्यंत विचार केला. मी पाटावर बसून होतो.

शैलाची वाटी ते पुढे ढकलत राहिले, आणि एके दिवशी त्यांनी धीर करून साक्षीला म्हणून मला नेलं. ती ओट्याशी पेपर तपासत बसली होती. गुरुजींनी वाटी पुढे केली आणि चोवीस वर्षांपूर्वीचा मधुपर्क खोटा होता, चूक आपली होती, असं एका दमात सांगून टाकलं. शैलाने लाल पेन खाली ठेवलं, मध चाखला. "छान आहे," ती म्हणाली. "बाबा, तो मध खरा असता तरी तो माणूस तसाच असता."

गुरुजी म्हणाले, "मग हे मला तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मधपेटी आणलीत."

गुरुजी खाली तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आता विचारतो. सांग." मी चपला घातल्या आणि निघालो.

त्यानंतर उरलेल्या जोडप्यांकडे ते गेलेच नाहीत. ती लग्नं अजून अपुरीच आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे ठीक चालली आहेत. संध्याकाळी शैला शाळेतून आली की दोघं परसात चहा घेऊन बसायची, तीच बोलायची आणि ते ऐकायचे. गुरुजींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. परवा गेलो तर शैला पेटीला साखरपाणी घालत होती. मी जुन्या गोष्टी काढल्या, ती हसली, मग हात पुसत म्हणाली, "त्यांनी मला सगळं विचारलं हो. आई गेल्यावर त्यांनी एकट्याने कसे दिवस काढले, ते मी त्यांना एकदाही विचारलं नाही."