पिस्तुलासाठी चोरखिसा

माझ्या आईने पिस्तूल निवडलं. तेही नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपमध्ये, आमच्या जेवणाच्या टेबलावर, हातात कात्री आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन. हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे आधी हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, तेव्हाही दिसलं नव्हतं.

पिस्तूल हवं होतं माझ्या धाकट्या भावाला. तो टेक्सासात राहतो. तिथे ते खिशात घालून फिरणं कायद्याने चालतं. घरात बायको आणि साडेचार वर्षांची मुलगी. एका संध्याकाळी तो पेट्रोल भरायला थांबला होता, मुलगी मागच्या सीटवर. दोन माणसं जवळ आली, एकाने शर्ट थोडा वर करून कमरेला काय आहे ते दाखवलं आणि पाकीट मागितलं. ह्याने दिलं. ते गेले. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर पंधरा दिवस तो फोनवर एकच गोष्ट सांगायचा.

"मी त्यांना सर म्हणालो, ताई. पोरीसमोर. दोनदा."

मला त्याची दया आली होती, खोटं कशाला सांगू. मग एके दिवशी त्याचा आवाज एकदम टवटवीत झाला आणि माझी दया तिथेच संपली. आमच्या घरात मिक्सर घ्यायचा झाला तरी आधी तीन दुकानांत जाऊन, दहा जणांना विचारून डोकं पिकवायची पद्धत आहे. त्याच उत्साहाने हा पिस्तूल बघायला लागला होता. मोठं घेतलं तर शर्टाखालून दिसतं. शर्ट खोचून ऑफिसला जाणाऱ्या माणसाला कमरेचं चालतच नाही, म्हणून पँटच्या खिशात मावणारं हवं. पण जेवढं लहान तेवढं ते हातात जास्त उसळतं, आणि मूठ इतकी तोकडी की करंगळी हवेत लोंबकळते. हे सगळं तो मला रविवारी सकाळी सांगत होता आणि मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते.

"घरात पोर आहे," मी म्हणाले.

"घरी आलं की तिजोरीत जाणार. खिशात फक्त बाहेर असताना."

"आणि दारापासून तिजोरीपर्यंत?"

"ताई, तू युरोपात राहतेस. तुला नाही कळणार."

त्या एका वाक्याने माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जसं काही इथे अंधार पडतच नाही. नोव्हेंबरात हूफडॉर्पच्या ऑफिसातून निघते तेव्हा काळोख झालेला असतो. कालव्याच्या कडेने सायकल मारताना मागून कुणाच्या सायकलचा दिवा बराच वेळ पुढेही जात नाही आणि वळतही नाही, तेव्हा काय होतं ते मला विचारा. इथे साधा मिरचीचा फवारासुद्धा बाळगायला बंदी आहे. मी किल्ल्या मुठीत धरते आणि पाय जोरात मारते. भीती कळायला टेक्सासात घर घ्यावं लागत नाही.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. व्हिसा तीन महिन्यांचा, आणि तो संपला की इथूनच ती भावाकडे जाणार होती. मला खात्री होती की ती त्याला फैलावर घेईल. आमच्या लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल माणसाकडे रोखलं तरी तिची चापट बसायची. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुझ्या पँटचा खिसा केवढा खोल आहे?"

हे असं का, ते सांगायला हवं. आई कराडला घरी शिवणकाम करायची, आणि आख्ख्या आळीत तिचे चोरखिसे प्रसिद्ध होते. प्रवासाला निघणारा माणूस आधी तिच्याकडे येऊन बंडीला किंवा परकराला आतून एक चोरखिसा शिवून घ्यायचा. मी शिकायला इकडे एनस्खेडेला आले तेव्हा माझ्या जीन्सलाही होता, आणि महिनाभर मी तो चाचपत फिरले होते. बाहेरून बघणाऱ्याला आत काही आहे याचा पत्ता लागता कामा नये, हा तिचा अभिमान. आता मुलगा म्हणत होता की तयार पँटचे खिसे पातळ असतात, वस्तू उमटते. म्हणजे त्याने बरोबर तिच्या वर्मावर बोट ठेवलं होतं.

"आई, त्याला नाही म्हणायचं सोडून तू खिसे शिवणार?"

"तो घेणारच आहे. मग निदान पडायला तरी नको."

"तो घाबरलाय. घाबरलेल्या माणसाच्या हातात ते द्यायचं?"

"घाबरलाय म्हणूनच," ती म्हणाली. तिने माझ्या नवऱ्याच्या जुन्या पँटी काढून आणल्या. नवरा म्हणाला, तुझ्या भावाचा निर्णय आहे, तू कशाला त्रास करून घेतेस. हा माणूस कुठल्याही भांडणात गालिच्यासारखा पसरून राहतो. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

भावाने तीन पिस्तुलांचे आकार पाठवले, खऱ्या मापाचे, नुसत्या बाह्यरेषा. आमच्या घरी प्रिंटर नाही. आई दोन दिवस मागे लागली, तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात छापले. छापले आणि मीटिंगला बोलावणं आलं म्हणून तशीच गेले. परत येते तर शेजारच्या टेबलावरचा डच सहकारी तो कागद हातात धरून उभा. उंच, भला माणूस, रोज डब्यात तेच चीजचं सँडविच आणणारा. माझे कान तापले. पण त्याने कागद माझ्यापुढे ठेवला आणि हसून विचारलं, मुलांचा वाढदिवस आहे का, कापून रंगवायला दिलं की पोरं तासभर गप्प बसतात. मी हो म्हणाले. मग त्याने मला काऊबॉयच्या टोप्या कुठे मिळतात तेही सांगितलं. त्याच्या देशात हा कागद बघून माणसाला वाढदिवस आठवतो, आणि माझा भाऊ मला सांगतो की तुला नाही कळणार. त्या दुपारी मला दोघांचाही राग आला. एकाला इतकं निवांत राहता येतं म्हणून, आणि दुसऱ्याने ते निवांतपण स्वतःच्या हाताने पोरीच्या घरातून घालवलं म्हणून.

संध्याकाळी आईने ते आकार पुठ्ठ्यावर चिकटवून कापले. एकेक पुठ्ठा नवऱ्याच्या पँटच्या खिशात घालून ती त्याला उभं करायची, बसवायची, जिना चढायला लावायची. नवरा गुपचूप चढत होता. पहिला पुठ्ठा बसताना मांडीला टोचला. दुसरा आडवा फिरला. तिसरा तिने हातात घेऊन बोटाने कडेकडेने तपासला, जसा खणाचा काठ बघावा.

"हे घे म्हणावं त्याला. ह्याला कोपरे नाहीत. कोपरे असले की कापड विरतं, कितीही दुहेरी लावा."

भावाने दुसऱ्याच दिवशी तेच घेतलं. दुकानातल्या माणसानेही तेच सुचवलं होतं म्हणे. आईचा चेहरा असा काही उजळला की मला उठून आत जावं लागलं. पुढचे दोन आठवडे माझ्या घरात शिवणाचं मशीन चालत होतं. जाड ड्रिल कापडाचे पाच खिसे, आतून अस्तर, खाली तिरकी शिवण म्हणजे वस्तू उभीच राहील. आमटीला फोडणी देताना मला मागून ती टकटक ऐकू यायची आणि मी पळी आपटायची. ती खिसे सामानात घालून स्किफोल विमानतळावरून निघाली तेव्हा मी तिला मिठी मारली, पण मनापासून नाही.

तिथे पोचल्यावर आठवड्याभरात व्हिडिओ कॉल आला. आईने खिसे पँटींना लावले होते. भाऊ कॅमेऱ्यासमोर उभा राहून, टेलरकडे ट्रायलला उभं राहावं तसा, वळून वळून दाखवत होता. "दिसतंय का काही? सांग ना, दिसतंय?" काही दिसत नव्हतं. काम चोखच होतं. आई बाजूला हात पुसत उभी होती, माझ्या कौतुकाची वाट बघत. मी कौतुक केलं नाही.

तेवढ्यात भाची आतून धावत आली आणि तिने सरळ बापाच्या उजव्या खिशात हात घातला.

त्यात तिचं काय चुकलं? आमचे बाबा कामावरून आले की उजव्या खिशात खाऊ असायचा, कधी लिमलेटच्या गोळ्या, कधी कागदात बांधलेले फुटाणे. आम्ही दोघं त्या खिशासाठी भांडायचो, आणि भाऊ धाकटा म्हणून नेहमी त्याचा हात आधी जायचा. तेच त्याने स्वतःच्या मुलीशी चालू ठेवलं होतं. बाबा आला की खिसा बघायचा, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत. ती तेच करत होती.

त्याने तिच्या हातावर फटका मारला. लटका नाही, आवाज मला इथे ऐकू आला. ती रडली नाही. हाताकडे बघत राहिली.

मी इकडून किंचाळले. काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही.

"रिकामा आहे खिसा," तो म्हणाला. "ते तिजोरीत आहे. तू उगाच तमाशा करू नकोस."

"रिकामा आहे तर मारलंस कशाला?"

"सवय मोडायला नको का?"

 आई वाकून भाचीचा हात चोळत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी कॉल कापला. नंतर तिला एकटीला फोन करून म्हटलं, ते खिसे उसव. ती म्हणाली, उसवले तर तो बाजारातून आणेल, ते सैल असतात. मी म्हटलं, मग तू परत ये. ती म्हणाली, मी आले तर पोरीकडे लक्ष कोण ठेवणार? तिच्याशी वाद घालून मी हात टेकले. महिन्याभराने भावाने आपणहून सांगितलं, "शिकली ती. आता खिशाच्या जवळपासही फिरकत नाही." आवाजात शाबासकी होती. ती कुणाला, कुणास ठाऊक.

ह्या उन्हाळ्यात ते सगळे भारतात जाताना चार दिवस आमच्याकडे उतरले. आईही बरोबर होती. पिस्तूल अर्थातच तिकडे, तिजोरीत. तरीही बाजारातून चालताना भावाचा हात दर थोड्या वेळाने मांडीपाशी जायचा, काही नाही हे लक्षात आलं की खाली यायचा. इथल्या मोकळ्या रस्त्यावरही त्याची मान फिरत होती. माझ्या मनात आलं, चार चांगले शब्द बोलावेत. पण तोंड उघडलं की भांडणच निघेल हे माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिले आणि आतल्या आत जळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येताना सुपरमार्केटमधून छोट्या स्ट्रोपवाफलच्या, म्हणजे आत पाक भरलेल्या इथल्या बिस्किटांच्या, दोन पुड्या घेतल्या आणि कोटाच्या खिशात टाकल्या. काही ठरवून नाही, घरात लहान मूल आलंय म्हणून. आत आले तर भाची दारातच उभी. आजीजवळ राहून तिचं मराठी सुधारलं होतं, सकाळपासून ती माझ्याशी भरभरून बोलत होती. मी कोट न काढताच तिच्यापुढे वाकले.

"बघ बरं, आत्याच्या खिशात काय आहे."

ती पुढे आली नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन एक पाऊल मागे सरली. माझ्या खिशाकडे बघत हळूच म्हणाली, "आत्या, तुझ्याकडे पण आहे?"

मी खिसा उलटा करून बाहेर ओढला. पुड्या फरशीवर पडल्या. "खाऊ आहे गं, नुसता खाऊ आहे," मी म्हणाले. तिने पुड्यांना हात लावला नाही. सोफ्यावर बसलेल्या बापाकडे वळून बघितलं. भाऊ उठून उभा राहिला होता. "घे ना, राणी," तो म्हणाला. "आत्याकडे नाहीये ते. घे." तो दोनदा म्हणाला.

शेवटी आई स्वयंपाकघरातून आली. तिने एक पुडी उचलून फोडली, तुकडा मोडला आणि नातीच्या तोंडात घातला. पोरीने तो खाल्ला. हात तिने पाठीमागेच ठेवले होते.