पेन्शन नसलेला पाय

दादा लढाईवरून परत आला तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. माझा डावा पाय लहानपणीच तापात लुळा पडला होता. पनवेलच्या आमच्या घरात असे आम्ही दोघे लंगडे झालो, पण दोघांना न्याय एक नव्हता. दादा रस्त्याने निघाला की दुकानदार त्याला बाकडं पुढे करत. मी निघाले की पोरं मागून माझी चाल करून दाखवत. त्याला पुण्याच्या लष्करी इस्पितळातून लाकडी पाय मिळाला, पेन्शन सुरू झाली. आई तो पाय रोज तेलाच्या फडक्याने पुसायची. माझ्या पायाला तिने शेवटचा हात कधी लावला, मला आठवत नाही. दादा पाय काढून आंघोळीला गेला की मी त्या लाकडी पायाच्या चामडी पट्ट्यांवरून बोट फिरवत बसे. असा पाय मला का नाही, एवढंच मनात येई.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मुंबईहून एक साहेब आले. तालुक्यात अपंग माणसं किती असतील, याचा अंदाज त्यांना सरकारला द्यायचा होता. घरोघर मोजायला माणसं नव्हती, म्हणून पेन्शन आणि सरकारी मदतीच्या नोंदींवरून ते हिशेब बांधत होते. नोंदी खऱ्या आहेत का ते पाहायला काही घरांत जात, तसे आमच्याकडे आले. दादाशी बराच वेळ बोलले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझी चाल पाहिली.

"हिलाही लिहा," दादा म्हणाला.

"यांना सरकारकडून काही मिळतं?"

"नाही."

"मग आमच्या कागदांत त्या येत नाहीत."

"नाही लिहिलं तेच बरं," आई आतून म्हणाली. "लग्न व्हायचंय तिचं."

मला सगळ्यात जास्त झोंबलं ते दादाचं बोलणं. माझी शिफारससुद्धा त्यानेच करायची. मी तिथेच उभं राहून विचारलं, "ज्यांना काही मिळत नाही, त्यांचा अंदाज कसा करता?"

"मिळणारे जितके, त्यांच्यावर थोडे वाढवून."

"आणि बायका?"

साहेबांनी कागद चाळले. "मदत घेणारी बाई एकच दिसते."

"मग तिच्यावर किती वाढवणार?"

त्यांनी कागद मिटले आणि म्हणाले, "मला बायका दारातूनच परत पाठवतात. तुम्ही विचाराल?"

आई नको म्हणत होती. मी गेले. तालुका कचेरीचा शिपाई छकडा घेऊन यायचा आणि आम्ही पळस्प्याकडची, खाडीकडची गावं करायचो. मिठागराजवळच्या एका घरात एक आंधळी बाई जात्यावर बसली होती. मी विचारल्यावर तिचा हात थांबला. "आमाला कोन इचारतंय, बाय? मी घरात हाय का नाय, ते शेजारच्यांना पन ठावं नाय." मी तिला लिहून घेतलं.

घरी आले की दादा ओटीवर बसलेला असे. आधी तो विचारायचा, आज कुठे गेली होतीस. मग विचारेनासा झाला. एका संध्याकाळी रस्त्याकडे बघतच म्हणाला, "बोलायला साहेबांना मी लागलो. न्यायला तू. परदेशात लढलेला माणूस ओटीवर बसतो आणि तू गावं बघतेस."

त्याच्या आवाजातला हेवा मी ओळखला. इतकी वर्षं तो माझ्या मनात होता. मला त्याची दया यायला हवी होती. मला बरं वाटलं.

साहेबांनी मुख्य आकडा पेन्शनच्या नोंदींवरूनच दिला. मी आणलेली माहिती शेवटी वेगळी जोडली आणि बायकांचा अंदाज फार कमी पडला आहे, असं खाली लिहिलं. आंधळ्या बाईला काही मिळालं नाही, मलाही नाही. पुढच्या शिरगणतीला मात्र बायकांना विचारायच्या कामासाठी कचेरीने मला बोलावणं पाठवलं. मी निघाले त्या सकाळी आई रोजच्यासारखं आधी दादाचं पान वाढायला लागली, तर त्याने तिला सांगितलं, "हिला आधी वाढ, हिला उशीर होईल." आणि स्वतः न जेवता मागच्या दाराने बाहेर पडला.