व्हॅनवर जुळवलेला काटा

बाजारात जिला सगळे मीटरवाली म्हणतात, ती माझी सख्खी धाकटी बहीण. हे मी कुठेही गेलो तरी आधी सांगतो. गाड्यांचा वेग दाखवणारी मीटरं दुरुस्त करते. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे न विचारलेलं बरं. पण हात असा, की घड्याळवालासुद्धा बारीक स्प्रिंग बसवायला तिच्याकडे येतो. लहानपणी तिने आईचं शिवणयंत्र उघडून परत जोडलं. एक स्क्रू उरला. यंत्र छान चाललं, पण तो स्क्रू कुठला म्हणून ही आठवडाभर धड जेवली नाही.

दुकान तिचं, पाटी मी रंगवलेली: 'अचूक मीटर'. ती म्हणाली होती, "दादा, नुसतं मीटर लिही." मी ऐकतोय होय.

एकदा दातांचे डॉक्टर त्यांची जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. लाल, दोनच सीटांची, वडिलांच्या वेळची. मीटरचा काटा थरथरायचा. बहिणीने केबल काढून धुतली, ग्रीस लावलं, काटा शांत झाला. आता वेग बरोबर दाखवतो का ते बघायचं. तपासायचं यंत्र तिच्याकडे नाही. तिचं माप म्हणजे माझी व्हॅन. व्हॅनचं मीटर तिने पूर्वी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर जुळवलेलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "माझी व्हॅन शंभरला पळते. आणि हिच्या मीटरवर शंभर म्हणजे शंभर."

मी पुढे, ती मागून त्यांच्या गाडीत. साठ झाल्यावर मी हात बाहेर काढला. तिचा काटा जेमतेम बावन्नवर. तिने मीटर उघडलं आणि काटा व्हॅनशी जुळवून दिला.

आठवड्याने डॉक्टर परत.

"ताई, गाडी म्हातारी झाली का हो? साठने चालवतो, तरी दवाखान्यात रोज उशीर. सायकलवाले सोडून सगळे मागून हॉर्न मारतात."

परत आलेलं काम तिच्या दुकानाने तोवर पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा पार उतरला. "उद्या सकाळी गाडी घेऊन या," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मला व्हॅन काढायला लावली. पुन्हा तेच दगड, हातात घड्याळ. व्हॅन साठ दाखवत होती आणि खरी चालत होती बावन्नने. ती खाली उतरली आणि चाकांकडे बघत उभी राहिली. मध्यंतरी मी रुबाबासाठी रुंद, बुटकी चाकं बसवली होती. बुटकं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं, काटा पुढे पळतो.

"बसवताना नट मीच हातात धरून उभी होते," ती म्हणाली. "आणि मला सुचलं नाही."

"अगं, केबल खराब होती म्हणून सांग. दातवाल्याला काय कळतंय?"

"दादा, बरोबर चालणारं मीटर मी बिघडवून दिलं. वर तुझी पाटी."

रात्री ताटावर मान वर केली नाही तिने. बायकोने विचारलं तर "काही नाही वहिनी" म्हणून उठली. मीही ताट सारलं. मापाची फुशारकी गावभर मीच मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर ही स्टुलावर चढून लोखंडी पट्टीने पाटीवरचं 'अचूक' खरवडत होती. मी जाऊन स्टूल धरलं. तेवढ्यात डॉक्टर आले. ती वरूनच म्हणाली, "डॉक्टर, तुमचं मीटर बरोबर होतं. मी चुकीचं केलं. व्हॅनची चाकं बदललीत हे डोळ्यांसमोर असून माप तिचंच घेतलं."

डॉक्टरांनी गाडीची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली आणि ते बाकावर बसले. "करा नीट. थांबतो मी." आणि माझ्याकडे वळून, "शंभरला पळते म्हणाला होतात, ती व्हॅन हीच ना? खरी कितीला पळते?"

शेजारचे दुकानदार ऐकत होते.

"पंच्याऐंशीला," मी म्हटलं. "तेही उतारावर."

ती स्टुलावरून उतरली आणि मीटर काढायला गेली. तिच्या हातातली पट्टी घेऊन उरलेला 'क' मी खरवडला.